मागच्या चाकाचा ब्रेक

एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते तिची चौकशी सहसा कोणीच करीत नाहीं. माळ्यावरची शिडी, पाण्याची टाकी आणि अंगणांत उभी असलेली मोटारसायकल ह्या तिघींचें प्राक्तन एकच. थोरल्याला वाटतें, धाकट्यानें पाहिलें असेल. धाकट्याला वाटतें, गाडी दादाच्या नांवावर आहे, तेव्हां तिची चिंताहि दादाचीच. सूनबाई मागें बसून कचेरीला जातात, नातवंडें शाळेला जातात. परंतु मागील चाकाशेजारीं वाकून पाहण्याचें काम कोणाचें, ह्याचा निकाल घरांत लागलेला नसतो. ब्रेकचे पॅड घरच्या घरीं बदलतां येतील काय, अशी पृच्छा मजकडे पुष्कळदां होते. उत्तर ‘होय’ असेंच आहे. पण तें कोणाला व कोणत्या अटींवर, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ब्रेकला शुद्ध देशी प्रतिशब्द योजावा असा आमच्या एका स्नेह्यांचा आग्रह असतो. ‘गतिरोधक’ हा शब्द अन्वर्थक खरा. पण तो रस्त्यावरील उंचवट्यांनीं केव्हांच बळकावला. तेव्हां गॅरेजांत जे शब्द चालतात तेच आम्ही येथें वापरणार.

चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोहों बाजूंनीं दाबणारे दोन तुकडे म्हणजे पॅड. आणि त्यांना धरून ठेवणारी पकड ती कॅलिपर. ही रचना नवी नव्हे. १९०२ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनीं डिस्क ब्रेकचें पेटंट मिळविलें होतें. मोटारसायकलींच्या मोठ्या उत्पादनांत तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० बरोबर आला, तोहि पुढच्या चाकास. आपल्याकडे पुण्याच्या बजाजनें २००७ सालीं काढलेल्या पल्सर २२० ला मागच्या चाकासहि डिस्क होती. आतां ती सामान्य गोष्ट झाली आहे.

ह्या इवल्याशा तुकड्यांवर भार किती पडतो, तें पाहावें. गाडी व स्वार मिळून २२५ किलो वजन ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारें ३१,००० ज्यूल भरते. लहानशा कपभर पाण्याला उकळी आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि गाडी थांबवितांना तिचा बहुतेक भाग ब्रेकांना कांहीं सेकंदांत पचवावा लागतो. थांबतांना भार पुढें ढळत असल्यामुळें मोठा वांटा पुढील ब्रेकचा असतो हें खरें. तरी आपल्याकडील स्वार पायाच्याच ब्रेकवर अधिक विसंबतात, आणि कित्येकांना तर पेडलवर पाय टेकवून गाडी हांकण्याची खोड असते. अशा स्वाराचे मागील पॅड अकालीं झिजतात. घाट उतरतांना खालचा गिअर घालावा व ब्रेकला विश्रांति द्यावी, ही गोष्ट तरुण मंडळींना सांगावी लागते, हें खेदाचें आहे.

पॅड संपत आला हें तो स्वतःच सांगतो. बहुतेक पॅडांवर एक चीर असते. ती दिसेनाशी झाली कीं मुदत भरली. चीर नसल्यास घर्षणाचा थर दीड मिलिमीटरच्या खालीं जाऊं देऊं नये, असें माझें मत. थर पूर्ण गेल्यावर लोखंडावर लोखंड घासूं लागतें, मग कर्कश ध्वनि निघतो, आणि थोडक्या खर्चाच्या पॅडापायीं महागडी डिस्क जाते. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तेवढीहि उरली नसेल तर नवे पॅड घालण्यांत अर्थ नाहीं. गाडीला एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहणारेहि आढळतात. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना ती सोय १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, हें उत्तमच. पण एबीएस चाक जाम होऊं देत नाहीं एवढेंच, झिजलेल्या पॅडाला तें जाडी देत नाहीं.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी थंड असावी, सपाट जागीं मुख्य स्टँडवर उभी असावी, आणि कंपनीचें माहितीपुस्तक शेजारीं उघडें असावें. पॅड अडकविणारी पिन कॅलिपर जागेवर असतांनाच थोडी सैल करावी. मागाहून ती हाताशीं येत नाहीं. मग कॅलिपरचे बोल्ट काढून तो अलगद सोडवावा, व सुतळीनें बांधून ठेवावा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळूं देऊं नये. दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत काय तें पाहावें. एक पातळ व दुसरा जाड निघाला, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलानें अडकल्या आहेत असें समजावें. पावसाळ्यानंतर हें फार आढळतें.

साफसफाईसाठीं जुना दांत घासण्याचा ब्रश आणि ब्रेक-क्लीनर पुरे. पेट्रोल किंवा रॉकेलनें सर्व कांहीं धुण्याची आपली जुनी संवय येथें घातक आहे, कारण त्यानें आंतील रबरी सीलें फुगतात. सरकत्या पिनांना सिलिकोनचेंच ग्रीस, तेंहि बोटाच्या टोंकावर मावेल इतकें लावावें. पॅडाच्या व डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठास तेलकट बोट लागूं देऊं नये. ब्रेकची धूळहि फुंकून उडवूं नये; ओल्या फडक्यानें टिपावी.

नवा पॅड जाड असल्यामुळें पिस्टन मागें सारावा लागतो. त्या वेळीं टाकीतील ब्रेक ऑइल वर चढतें, म्हणून झांकण काढून तिकडे लक्ष ठेवावें. तें रंगावर सांडल्यास रंग जातो. लागलीच पाण्यानें धुवावें. पिस्टन दाबण्यास जुन्या पॅडाचा आधार घ्यावा; स्क्रू ड्रायव्हरनें उचकटणें हें अडाणीपणाचें काम. नंतर नवे पॅड बसवावे, घासणारी बाजू डिस्ककडे करून. हें सांगण्याची जरुरी वाटूं नये. पण उलटे बसविलेले पॅड मीं या डोळ्यांनीं पाहिले आहेत, आणि ते एका धंदेवाईक कारागिरानें बसविलेले होते. बोल्ट पुस्तकांत दिलेल्या मापानेंच, टॉर्क पान्यानें आवळावे.

ह्यांत कठीण असें कांहींच नाहीं. धोका आहे तो भरल्या घरांत काम करण्याचा. कॅलिपर सोडविलेला असतांना एखाद्या मुलानें खेळतां खेळतां पेडल दाबलें, तर पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल अंगणभर होतें. त्याहून भयंकर प्रसंग निराळाच. पिस्टन मागें सारल्यामुळें काम पुरें झाल्यावरहि पहिल्या दाबाला पेडल रिकामें जातें. तें सावकाश पुनःपुनः दाबून घट्ट झाल्याखेरीज ब्रेक लागतच नाहीं. आपण हात धुण्यास आंत गेलों, तेवढ्यांत धाकट्यानें घाईघाईनें मुलीला शिकवणीला पोंचविण्यास गाडी काढली, तर? म्हणून कामास बसणाऱ्यानें गाडीची किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. घरांत कोणी रागावलें तरी ती देऊं नये. पेडल घट्ट झालें, ऑइल खुणेपाशीं आहे, चाक हातानें मोकळें फिरतें, हें पाहून पहिली फेरी त्यानें स्वतः, एकट्यानें, गल्लींतच हळू मारावी. पेडल मऊ लागलें, ऑइल झिरपतांना दिसलें किंवा पिन गंजून बसली असली, तर अभिमान न धरतां मेकॅनिकला बोलवावें. नळींतील हवा काढणें हें नवशिक्याचें काम नव्हे.

नवे पॅड डिस्कशीं जुळेपर्यंत पहिले दीडदोनशें किलोमीटर एकदम करकचून ब्रेक दाबूं नये, आणि हें जे जे गाडी नेतात त्या सर्वांना सांगून ठेवावें. जुने पॅड फेंकून न देतां कागदांत गुंडाळावे, वर तारीख व किलोमीटरचा आंकडा लिहावा, आणि ज्यानें ते बदलले त्याचें नांव. पुढील खेपेस जाडी ताडून पाहावयास तेच उपयोगीं पडतात.