मैदान गेले, म्हणून स्टेडियम आले?

आज 26 एप्रिल. 1997 साली याच दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन अँड होव्ह अल्बियन या क्लबने आपल्या गोल्डस्टोन मैदानावर शेवटचा सामना खेळला. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांवर जिथल्या राजवाड्यात उपचार झाले, तेच हे ब्रायटन. गोल्डस्टोनवर हा क्लब 1902 पासून खेळत होता. शेवटच्या दिवशी समोर डॉन्कास्टर रोव्हर्स होते आणि स्टुअर्ट स्टोररच्या एकमेव गोलवर ब्रायटनने सामना जिंकला. अखेरची शिट्टी झाली तशी माणसे कुंपण ओलांडून आत शिरली. कोणी नुसत्या हातांनी हिरवळीचा तुकडा उपटून पिशवीत घातला, कोणी खुर्ची उखडून खांद्यावर टाकली. पुढे त्या जागी दुकानांचे संकुल आणि गाड्यांचा तळ झाला.

आज हाच क्लब गावाबाहेर फाल्मर येथे, साउथ डाउन्सच्या टेकड्यांच्या कुशीत, सुमारे 31,800 आसनांच्या स्टेडियममध्ये खेळतो. 2017 पासून तो प्रीमियर लीगमध्ये आहे आणि 2023-24 च्या हंगामात तो युरोपा लीगही खेळला. त्यामुळे गोल्डस्टोनची आठवण निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : झाले ते बऱ्यासाठीच झाले. या वाक्याला आमचा विरोध आहे. ते बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यामुळे श्रेय चुकीच्या माणसांच्या खात्यावर जमा होते.

तुलना करायची तर नवे स्टेडियम जुन्या मैदानापेक्षा चांगले आहे, यात वाद नाही. गोल्डस्टोनच्या उघड्या पायऱ्यांवर लोक पावसात भिजत उभे राहायचे. 1958 मध्ये फुलहॅमविरुद्ध तिथे 36,747 माणसे दाटीवाटीने मावली होती, पण 1989 च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालाने वरच्या दोन विभागांतील मैदानांवर उभ्याने सामना पाहण्याचे दिवस संपवले. होव्हच्या घरांमध्ये अडकलेल्या त्या जागेचा विस्तार करणे सोपे नव्हते. फाल्मरला खडू-मातीची टेकडी खोदून मैदान खाली नेले आहे, म्हणून एवढी मोठी वास्तू डोंगरउतारावर अंगावर येत नाही. रेल्वे स्थानक शेजारीच आहे आणि सामन्याच्या तिकिटातच प्रवासाची सोय असते. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी त्यांच्या भागातील बिअर मागवून ठेवायची पद्धतही या क्लबने पाडली. याच मैदानावर 2015 च्या रग्बी विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेला 34-32 असे हरवून जगाला थक्क केले आणि 2022 च्या महिला युरो स्पर्धेत इंग्लंडच्या मुलींनी नॉर्वेवर आठ गोल चढवले. गोल्डस्टोनवर हे काही घडले नसते.

तरीही एक गेले म्हणून दुसरे आले, असे म्हणता येत नाही. या दोन घटनांमध्ये 14 वर्षे आहेत आणि ती वर्षे आपोआप सरलेली नाहीत.

नव्वदच्या दशकात क्लब कर्जात होता. 1995 मध्ये तेव्हाच्या संचालकांनी गोल्डस्टोन एका विकासकाला विकून टाकले. नवी जागा नाही, परवानगी नाही, आराखडा नाही, आणि सौदा मात्र झालेला. ही बातमी समर्थकांना स्थानिक वर्तमानपत्रातून कळली. क्लबच्या नियमावलीत, क्लब मोडलाच तर त्याच्या मालमत्तेवर भागधारकांना नफा कमावता येणार नाही असे एक कलम होते. तेही गुपचूप वगळले गेल्याचे पुढे उघड झाले आणि ओरड झाल्यावर परत घालावे लागले. एप्रिल 1996 मध्ये यॉर्क सिटीविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले आणि सामना सुरुवातीलाच सोडून द्यावा लागला. विकलेले मैदान भाड्याने घेऊन आणखी एक हंगाम कसाबसा निघाला. त्या हंगामात पुन्हा मैदानात घुसण्याचा प्रकार झाला आणि शिक्षा म्हणून क्लबचे दोन गुण कापले गेले.

ज्या कोल्हापुरात संघांची नावे तालमींवरून पडतात आणि शाहू स्टेडियमवर पेठेची पेठ उतरते, तिथल्या माणसाला हा संताप समजावून सांगावा लागणार नाही. मैदानाची कागदोपत्री मालकी कोणाचीही असो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या आवाज घुमलेला असतो तो गावाचा.

8 फेब्रुवारी 1997 चा दिवस मुद्दाम सांगायला हवा. देशभरातल्या इतर क्लबांचे समर्थक, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, आपापल्या रंगांचे शर्ट आणि मफलर घालून गोल्डस्टोनवर जमले आणि ब्रायटनसाठी ओरडले. हार्टलपूलविरुद्ध ब्रायटनने पाच गोल केले. आज हे तुमच्यावर आहे, उद्या आमच्यावर येईल, एवढे त्या हजारो माणसांना नेमके कळले होते.

गोल्डस्टोन सुटल्यानंतर एका आठवड्याने, 3 मे रोजी, हेरफर्डच्या मैदानावर शेवटचा सामना होता. हरणारा संघ फुटबॉल लीगमधून बाहेर जाणार होता. ब्रायटनला बरोबरी पुरेशी होती, पण स्वतःच्याच खेळाडूच्या चुकीमुळे चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि संघ एका गोलने मागे पडला. उत्तरार्धात क्रेग मॅस्केलचा फटका खांबाला लागून परत आला, बदली आलेला रॉबी रेनल्ट झेपावला आणि त्याने चेंडू आत लोटला. 1-1. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि हंगामात ब्रायटनचे गोल जास्त होते, एवढ्यावर क्लब वाचला. तो चेंडू खांबाला लागून दुसरीकडे गेला असता, तर मैदान नाही, पैसा नाही आणि लीगमध्ये जागाही नाही अशा क्लबचे काय झाले असते? मैदानाच्या विक्रीचा करार तोच राहिला असता. त्या करारात फाल्मरचे बीज होते असे मानणाऱ्यांनी या एका फटक्याचा विचार करावा.

पुढची दोन वर्षे ब्रायटनचे ‘घरचे’ सामने सुमारे 70 मैलांवरच्या गिलिंगहॅमला झाले. वडिलांचा हात धरून सामन्याला जाण्याच्या वयातली मुले त्या दोन वर्षांत मैदानापासून तुटली, आणि ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. 1999 मध्ये क्लब शहरात परतला तो विदडीन या धावपट्टीच्या मैदानावर. गोलपोस्ट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी, पाइप जोडून उभ्या केलेल्या तात्पुरत्या गॅलऱ्या, आसपास गाड्या लावायला बंदी. तिथे 12 वर्षे काढली. त्या गैरसोयीतही संघाने खालच्या विभागांची विजेतेपदे मिळवली, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते.

फाल्मरचा लढा याच काळातला. 1999 मध्येच शहराने मतदान घेतले आणि मोठ्या बहुमताने लोकांनी स्टेडियमला होकार दिला. मग चौकश्या, हरकती, न्यायालय. समर्थकांनी निवेदने लिहिली, मोर्चे काढले, निर्णय ज्यांच्या हाती होता त्या उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या कार्यालयात व्हॅलेंटाइन डेला फुले पाठवली. जानेवारी 2005 मध्ये समर्थकांनी काढलेले एक गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत 17 व्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी प्रेस्कॉट यांनी मंजुरी दिली. निर्णयाच्या पत्रातील एका चुकीमुळे ती रद्द झाली. तेव्हाच्या मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी जुलै 2007 मध्ये पुन्हा मंजुरी दिली तेव्हा कुठे काम मार्गी लागले. सुमारे 9 कोटी 30 लाख पौंडांचा खर्च उभा केला तो टोनी ब्लूम यांनी. ते याच क्लबचे लहानपणापासूनचे समर्थक. ऑगस्ट 2011 मध्ये नव्या स्टेडियममधील पहिला लीग सामना झाला तो पुन्हा डॉन्कास्टरशीच, आणि ब्रायटनने तो 2-1 असा जिंकला.

जुने मैदान सोडूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आर्सेनलनेही 2006 मध्ये हायबरी सोडले, पण आधी हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम बांधून घेतले आणि मग जुने मोडले. वेस्ट हॅम 2016 मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये गेले. तिथे खुर्च्या खूप आहेत, पण प्रेक्षक मैदानापासून दूर बसतात आणि ती तक्रार अजून संपलेली नाही. सर्वांत बोलके उदाहरण विम्बल्डनचे. त्यांनी 1991 मध्ये प्लाऊ लेन सोडले, नवी जागा न मिळता दुसऱ्याच्या मैदानावर दिवस काढले आणि शेवटी तो क्लब 2003 मध्ये उचलून मिल्टन कीन्सला नेण्यात आला. समर्थकांना 2002 मध्येच शून्यापासून नवा क्लब उभारावा लागला आणि प्लाऊ लेनवर परतायला 2020 उजाडले. मैदान ब्रायटननेही गमावले आणि विम्बल्डननेही. गमावण्यातूनच चांगले निघत असते, तर दोघांच्या वाट्याला एकच आले असते.

राहते घर विकणाऱ्याला शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की जाणार कुठे? गोल्डस्टोनच्या संचालकांना तो विचारण्याचा अधिकार 1995 मध्ये कोणालाच नव्हता. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या इंग्लंडच्या फुटबॉल कारभार कायद्याने तो आता एका स्वतंत्र नियामकाला दिला आहे. वरच्या पाच विभागांतील क्लबांना त्याच्या मान्यतेशिवाय आपले मैदान विकता येणार नाही. मान्यतेसाठी येणाऱ्या प्रत्येक अर्जात नव्या जागेची परवानगी, बांधकामाचा पैसा आणि मधल्या काळात घरचे सामने कुठे होणार याचा करार, ही तिन्ही कागदपत्रे असलीच पाहिजेत, असा दंडक नियामकाने पहिल्याच प्रकरणापासून घालून द्यावा आणि समर्थकांचे म्हणणे सौद्यावर सही होण्याआधी ऐकून घ्यावे.