आधी पेंग्विनचा वाटा

मासळी घेताना आपण भाव विचारतो, कल्ले उघडून ताजेपणा पाहतो. समुद्रात मागे किती उरली, हे कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी मासेवाली काय सांगणार? पण पृथ्वीच्या दक्षिण टोकाला एक समुद्र असा आहे, जिथे जाळे टाकण्याआधी हाच प्रश्न विचारायचा असे जगातल्या अनेक देशांनी मिळून ठरवले आहे. या महिन्यात त्या प्रश्नाची गोष्ट.

अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाळ पाण्यात क्रिल नावाचा जीव राहतो. दिसायला कोळंबीसारखा, लांबी फार तर सहा सेंटिमीटर, वजन एक-दोन ग्रॅम. आपल्याकडच्या जवळ्यापेक्षा थोडा मोठा म्हणा. पण त्याचे थवेच्या थवे असतात. पेंग्विन, सील आणि अजस्र देवमासे त्याच्यावर जगतात. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणाऱ्या शेवाळावर गुजराण करतात. म्हणजे बर्फ कमी झाला तर क्रिलच्या घरातच टंचाई.

नववीच्या मुलांना अन्नसाखळी शिकवताना मी फळ्यावर चार-पाच पायऱ्यांची शिडी काढतो. अंटार्क्टिकाची शिडी मात्र फारच आखूड आहे: शेवाळ, क्रिल आणि थेट देवमासा! मधली ही एक पायरी काढली की वरचे सगळे खाली येतात.

माणसाचा त्या समुद्रातला जुना हिशेब चांगला नाही. आधी सील, मग देवमासे, असे एकेक जीव आपण जवळपास संपवत आणले. त्यानंतर माशांची पाळी आली. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ १९६९-७० च्या एकाच हंगामात रॉक कॉड जातीचे सुमारे ४ लाख टन मासे काढले गेले. पुढच्या हंगामात हा आकडा जेमतेम १ लाखावर आला. मासा इतका घटला की १९८५ मध्ये तो धरायला बंदी घालावी लागली. थंड पाण्यातले मासे सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात. दोन वर्षांत लुटलेले भरून यायला एक पिढी पुरत नाही.

मग सोव्हिएत जहाजे क्रिलकडे वळली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाची पकड ५ लाख टनांवर गेली. तोवर शास्त्रज्ञ सावध झाले होते. १९८० मध्ये कॅनबेरा येथे एक करार झाला आणि १९८२ मध्ये तो लागू झाला. त्याचा कारभार ऑस्ट्रेलियातील होबार्ट शहरातून पाहणारा एक आयोग आहे. आज त्याचे २७ सदस्य आहेत. भारत १९८६ पासून त्यात आहे.

या कराराचे वेगळेपण समजून घेण्यासारखे आहे. इतरत्र मासेमारीचा नियम साधारणपणे असा असतो की माशांचा साठा निम्म्यावर आला तरी चालेल, कारण उरलेल्यांपासून पुन्हा पैदास होते. क्रिलच्या बाबतीत निम्मे पुरेसे मानलेले नाही. मासेमारी नसती तर अंडी घालणारे जितके क्रिल असते, त्याच्या सुमारे ७५ टक्के पाण्यातच राहिले पाहिजे. कारण त्यावर पेंग्विन, सील आणि देवमाशांचे पोट आहे. माणसाने उरलेल्यातून घ्यायचे. घरात पाहुणा आला की आधी लहानांचे ताट वाढायचे, तसेच काहीसे.

पण समुद्रातले क्रिल मोजायचे कसे? जहाजातून पाण्यात ध्वनिलहरी सोडतात. थव्यावर आदळून परत आलेल्या आवाजावरून त्याचा आकार कळतो. २००० साली चार देशांच्या जहाजांनी मिळून दक्षिण अटलांटिकचा मोठा पट्टा असा पिंजून काढला. त्यातून सुमारे ६ कोटी टन क्रिलचा अंदाज निघाला. किनाऱ्यावर दुसरी मोजणी चालते. पेंग्विनची वस्ती किती, पिल्ले किती वजनाची, आई समुद्रातून किती वेळाने परतते, याची वर्षानुवर्षे नोंद होते. आईला उशीर होऊ लागला की समजावे, क्रिल लांब गेले.

या मोजणीवरून कागदावर वर्षाला ५६ लाख टनांची मर्यादा निघते. पण सगळी जहाजे एकाच जागी जमली तर तिथले पेंग्विन उपाशी राहतील. म्हणून प्रत्यक्षात ६ लाख २० हजार टनांवर थांबायचे ठरले, आणि २००९ पासून हा आकडाही भागाभागांत वाटून दिला गेला. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ त्यातला चौथा हिस्साच घ्यायचा, असा नियम झाला.

खरी अडचण इथेच आहे. हा वाटणीचा नियम २०२४ च्या शेवटी संपला आणि नव्या नियमावर एकमत झाले नाही. आयोगात बहुमत चालत नाही, सर्वांचा होकार लागतो. एकाने मान हलवली नाही तर ठराव अडकतो. २०२५ मध्ये वाटणीचे बंधन नसल्याने जहाजे आवडत्या जागी गोळा झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच ६ लाख २० हजारांचा आकडा गाठला गेला. हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. असे यापूर्वी कधी झाले नव्हते.

तरीही एकमत म्हणजे नुसती अडवणूक नव्हे. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०१६ मध्ये रशिया आणि चीनसह सर्वांनी रॉस समुद्रात महाराष्ट्राच्या पाचपट क्षेत्र राखीव करायला होकार दिला. जो नियम सर्वांनी मिळून केला, तो मोडणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात अशी आणखी दोन क्षेत्रे राखण्याच्या प्रस्तावांना २०२१ मध्ये भारतानेही साथ दिली. ते अजून अडलेलेच आहेत.

आपला यात संबंध काय, असे वाटेल. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आहे. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे भारतीय जहाज क्रिलच्या शोधात अंटार्क्टिकाच्या पाण्यात जाऊन आले. होबार्टच्या टेबलावर भारताची खुर्ची आहे, म्हणजे आपल्या होकाराला किंमत आहे. आणि पकडलेले क्रिल जाते कुठे? बरेचसे मत्स्यशेतीतल्या माशांच्या खाद्यात, काही तेलाच्या गोळ्यांत. भुकेल्याच्या ताटात फारच थोडे.

जो समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, तो सर्वांची अमानत असतो. अमानतीतून घेण्याआधी तिच्यावर कोणाकोणाचे पोट आहे, हे पाहावे लागते. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मुलांना एक कोडे घाला: २७ जणांची एक विहीर आहे, पाण्याचा नियम सर्वांच्या होकाराशिवाय होत नाही आणि एक जण नाही म्हणतो. तुम्ही काय कराल? मुले काय उत्तर देतात ते जरूर ऐका. मोठ्यांना ते अजून नीट सापडलेले नाही.