एक पेनी जास्त

परदेशी शहरात गेलेला मराठी माणूस आधी किल्ला बघतो, मग म्युझियम, मग आणखी एक म्युझियम, आणि पाय बोलायला लागले की चहा शोधतो. ग्लासगोमध्ये हा क्रम बिनधास्त उलटा करा. तिथे चहाचं दुकान हेच म्युझियम आहे. आणि बोर्डावरचं वाचून, फोटो काढून निघायचं असं ते म्युझियम नाही. टूर घ्या, व्याख्यान ऐका, एप्रन बांधून हात रंगवून घ्या. आणि हो, चहाही प्या.

नाव ‘मॅकिंटॉश अ‍ॅट द विलो’. पत्ता २१७, सॉकीहॉल स्ट्रीट. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी लंडनला होते, एक विकेंड मोकळा मिळाला. मावसबहीण ग्लासगोला पीएच.डी. करते. तिला फोन केला तर म्हणाली, ‘‘ताई, किल्ला बघायचा असेल तर एडिंबराला उतर. माझ्याकडे येणार असशील तर चहा.’’ पाच तास ट्रेनमध्ये बसून मी चहाला गेले. आमच्या ऑफिसात याला वेडेपणा म्हणतात, पण ऑफिसात मशीनचा चहा असतो, त्यांना काय कळणार?

आधी नावाचा फंडा. स्कॉट्स भाषेत ‘सॉख’ म्हणजे विलोचं झाड आणि ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची सखल जमीन, त्यावरून सॉकीहॉल. विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे वाळुंज. थोडक्यात, हा वाळुंजवाडी रस्ता. टीममधल्या एका वाळुंजांना हे कळवलं, तर त्यांनी लगेच रस्त्यावर हक्क सांगितला. दुकानाला विलो हे नाव रस्त्यावरूनच मिळालं, आणि मग आतल्या भिंती, खुर्च्या, काचा, सगळीकडे ते झाड वेगवेगळ्या रूपांत उगवलं.

हे सगळं घडवून आणणारी बाई म्हणजे मिस क्रॅन्स्टन. कॅथरिन क्रॅन्स्टन, जन्म १८४९. तिचा भाऊ स्टुअर्ट चहाचा व्यापारी. गिऱ्हाइकं पुडा घेण्याआधी चव बघायची, ती फुकट. १८७५ मध्ये भावाने डोकं लढवलं, चार टेबलं-खुर्च्या मांडल्या आणि कपाचे पैसे घ्यायला लागला. बहिणीने त्याच्या पुढचं बघितलं. तेव्हाचं ग्लासगो म्हणजे जहाजं, इंजिनं, धूर आणि दारू. दुपारी जेवायच्या सुट्टीत कारकुनाला बसायला जागा कुठली, तर पब. आणि बाईमाणसाला? खरेदीला बाहेर पडलेल्या किंवा नोकरी करणाऱ्या बाईला एकटीने बसून काही खाता येईल अशी जागा जवळपास नव्हतीच. दारूविरोधी चळवळ जोरात होती, पण भाषणं ऐकून भूक भागत नाही. मिस क्रॅन्स्टनने १८७८ मध्ये, म्हणजे तिशीच्या आत, आर्गाइल स्ट्रीटवर पहिली जागा उघडली. दारू नाही, स्वच्छ टेबलक्लॉथ, वाढायला मुली आणि गल्ल्यावर नजर ठेवायला स्वतः मालकीणबाई.

बाई एकदम कॅरेक्टर होत्या. १८९२ मध्ये लग्न झालं, पण धंद्यात शेवटपर्यंत ‘मिस क्रॅन्स्टन’च. ब्रँडिंगचा कोर्स वगैरे न करता! कपडे मात्र आजीच्या जमान्यातले, घोळदार, झालरी लावलेले. आणि या जुनाट झग्यातल्या बाईने शहरातला सगळ्यात आधुनिक आर्किटेक्ट पकडला. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश. १८९७ मध्ये ब्यूकॅनन स्ट्रीटच्या जागेत त्याच्याकडून भिंती रंगवून घेतल्या, मग आर्गाइल स्ट्रीटसाठी खुर्च्या केल्या, आणि १९०३ मध्ये विलोची अख्खी इमारत आतून-बाहेरून त्याच्यावर सोपवली. चमच्यापासून दर्शनी भिंतीपर्यंत. तो तेव्हा पस्तिशीचा. बरोबर त्याची बायको, मार्गारेट मॅकडोनल्ड, स्वतः तालेवार कलाकार. टूरमध्ये गाइड तिच्या पॅनेलसमोर थांबतो. रोझेटीच्या सुनीतावरून केलेलं हे पॅनेल गेसोचं, म्हणजे साधारण आपल्या प्लॅस्टरच्या जातीचं. त्यात दोऱ्यांच्या रेषा आणि काचेचे मणी बसवलेले. मूळ पॅनेल केल्विंग्रोव्ह म्युझियममध्ये असतं, इथे प्रतिकृती आहे. पण जागेवर बघण्यात मजा वेगळी.

ते पॅनेल ज्या खोलीत आहे ती ‘सलों द लक्स’. पहिला मजला, रस्त्याकडे उघडणारी. चंदेरी रंगाच्या उंच पाठीच्या खुर्च्या, त्यात जांभळ्या काचा. भिंतीवर आरशांची आणि रंगीत काचांची पट्टी, म्हणजे बसल्याबसल्या समोरची बाई कोणता हॅट घालून आली आहे ते मान न वळवता दिसणार. (हे आर्किटेक्चरमध्ये शिकवत नाहीत, पण मिस क्रॅन्स्टनला बरोबर कळलेलं होतं.) आणि या खोलीत चहा प्यायचा तर एक पेनी जास्त. तोच चहा, तोच कप. खाली बसलात तर कमी, वर बसलात तर एक पेनी जास्त.

मला ही पेनी जाम आवडली. कारण ती प्रामाणिक आहे. आपण कॉफीला अडीचशे रुपये देतो तेव्हा ते कॉफीचे नसतात, एसीचे, सोफ्याचे आणि लॅपटॉप उघडून तीन तास बसू दिल्याचे असतात, पण बिलावर तसं लिहीत नाहीत. मिस क्रॅन्स्टनने जागेची किंमत वेगळी काढून दाखवली. आणि ती एवढीच ठेवली, की दुकानात काम करणाऱ्या मुलीला पगाराच्या दिवशी परवडावी.

लुट्येन्ससाहेब, तेच आपल्या नवी दिल्लीचे, यांनीही ब्यूकॅनन स्ट्रीटच्या टी रूमबद्दल बायकोला पत्रातून कळवलं होतं. कौतुक भरपूर, जोडीला किंचित नाक मुरडणं. टेस्टवाल्या माणसांचं हे असंच असतं. आपला दुसरा धागा कपातलाच. १८८०चं दशक संपेपर्यंत ब्रिटनमध्ये भारतातला चहा चिनी चहाच्या पुढे गेला होता, आणि मुन्नारचे ते हिरवेगार डोंगर, ज्यांच्यासमोर तुमच्यापैकी निम्म्यांचे हनिमूनचे फोटो आहेत, ते १८९०च्या दशकात जेम्स फिनले या ग्लासगोच्याच कंपनीकडे गेले. चंदेरी खुर्चीत बसलेल्या बाईच्या कपातलं पान कुणी खुडलं, हा विषय मला टूरमध्ये अजून ऐकायला आवडला असता. तासाभरात खुर्च्यांवर वीस मिनिटं जातात; मळ्यांना त्यातली पाच द्यायला हरकत नव्हती.

वर्कशॉप स्टेन्सिलचं होतं. मी नाव नोंदवलं ते बहिणीने ढकललं म्हणून. चित्रकलेशी माझा संबंध नववीत संपला. समोर जाड कागद, कटर आणि स्पंज. काढायचा होता ग्लासगो रोझ, म्हणजे तो गोलाकार, थोड्याच रेषांचा गुलाब. बघायला अगदी सोपा. कापायला घेतला की कळतं, स्टेन्सिलमध्ये प्रत्येक पाकळी कुठेतरी कागदाला जोडलेली राहावी लागते, नाहीतर मधला भाग टपकन खाली पडतो. ते जोड म्हणजेच फुलातल्या रिकाम्या रेषा. रंग ओला घेतला की कडेतून आत झिरपतो. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून फक्त टेकवायचा. माझ्या शेजारच्या आजी भराभर टेकवत होत्या. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे दिवाळीत रांगोळीचे छाप मिळतात, पत्र्याचे, त्यातही फूल असंच तुटक असतं. त्यांनी ‘रांगोळी’ हा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि मला त्यांचा कोरडा स्पंज दिला. मॅकिंटॉशने ब्यूकॅनन स्ट्रीटच्या भिंती याच पद्धतीने रंगवल्या होत्या. व्याख्यानात हे वाक्य ऐकून मी मान डोलावली असती आणि विसरले असते. मधला भाग स्वतःच्या हातून पडला की विसरत नाही.

सुटसुटीत सांगायचं तर इथपर्यंत सगळं छान-छान आहे. पण ही जागा कितीदा हातातून जाता जाता राहिली, ते बघा. १९१७ मध्ये मिस क्रॅन्स्टनचा नवरा गेला, तिने धंदा हळूहळू विकून टाकला. पुढे विलो एका डिपार्टमेंट स्टोअरचा भाग झाली आणि त्या खोल्यांमधून पन्नासेक वर्षं माल विकला गेला. मॅकिंटॉश १९२८ मध्ये लंडनमध्ये गेला, मार्गारेट १९३३ मध्ये. तिच्या मागे उरलेल्या सगळ्या चीजवस्तूंची किंमत ८८ पौंडांच्या आसपास धरली गेली. आता त्याची एक खुर्ची लिलावात आली की बोली लाखांमध्ये जाते. मिस क्रॅन्स्टनच्याच इंग्राम स्ट्रीटच्या टी रूममधली ओक रूम १९७१ मध्ये सुटी करून गोदामात गेली. ती लोकांना पुन्हा दिसली २०१८ मध्ये, डंडीच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये. आणि सॉकीहॉलच्या मागच्या चढावर असलेलं मॅकिंटॉशचं सगळ्यात मोठं काम, ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट, ते २०१४ मध्ये जळलं, दुरुस्ती चालू असताना २०१८ मध्ये पुन्हा जळलं.

विलोत चहा परत सुरू झाला १९८३ मध्ये. २०१४ मध्ये सीलिया सिंक्लेअर या उद्योजिकेने इमारत विकत घेऊन ट्रस्ट उभारला, साधारण एक कोटी पौंड खर्चून सगळं १९०३ सारखं केलं, आणि मॅकिंटॉशच्या जन्माला १५० वर्षं झाली त्या वर्षी, २०१८ मध्ये, दारं उघडली. वर्कशॉप, व्याख्यानं, टूर हा सगळा पसारा तिथून. तरीही जानेवारी २०२४ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या ताब्यात गेली. म्हणजे बघा, एवढं नाव, एवढी गर्दी, आणि तरी एवढ्या जुन्या इमारतीला मोठ्या संस्थेचा खांदा लागतोच. स्कोन आणि जॅमवर छप्पर गळायचं थांबत नाही.

हे ऐकताना मला धोबी तलाव आठवत होतं. विलो १९०३ची, आपलं कयानी १९०४चं. एका वर्षाचा फरक. कयानीत आजही ब्रून मस्का मिळतो. त्याच्यासमोरचं बस्तानी २००४ मध्ये बंद झालं. इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांची पाटी इतकी लांबलचक, की निस्सीम इझिकेल यांनी त्यावरून कविता केली. ती कविता राहिली, बस्तानी गेलं. दरवेळी एखादा इराणी बंद होतो तेव्हा आपण शेवटच्या दिवशी रांग लावतो, बेंटवुड खुर्चीचा फोटो काढतो आणि हळहळतो. त्या खुर्च्या कुठून आल्या, यझ्द आणि केरमानहून निघालेली माणसं नेमकी कोपऱ्यावरच दुकान का घ्यायची, पाव कोणत्या भट्टीत भाजला जायचा, हे त्याच टेबलावर बसवून, पैसे घेऊन, रविवारी सकाळी कुणी सांगितलं तर आपण येऊ की नाही? मी येईन. हेरिटेज वॉकवाले दारापर्यंत नेतात, पण गल्ल्यात त्यातलं काय पडतं? मालकांना सरबराई नको असेल, तेही समजू शकते. पन्नास वर्षं गिऱ्हाइकाला ‘पटकन आटपा’ म्हणणाऱ्या माणसाने अचानक वर्कशॉप कसं घ्यायचं? पण फुकटच्या हळहळीपेक्षा एक पेनी जास्त द्यायची सोय तरी हवी.

बहिणीचं मत वेगळं. ‘‘ताई, तिथे टूरला येतं कोण, ते बघितलंस ना? टूरिस्ट आणि रिटायर्ड लोक. मिस क्रॅन्स्टनच्या काळातली टायपिस्ट आज बाहेर बेंचवर बसून सँडविच खाते.’’ यावर मला उत्तर सुचलं नाही. वर्कशॉपच्या खोलीत तिशीच्या आतल्या आम्ही दोघीच होतो, हे खरं.

जाणार असाल तर प्रॅक्टिकल सल्ला: वेळ आणि पौंड कमी असतील तर तीनमजली स्टँडवाला आफ्टरनून टी सोडा, तो फोटोसाठी आहे. टूर घ्या, आधी बुक करून. आत गेलात की जाळीदार, वळणाच्या पाठीची एक खुर्ची शोधा. विलोच्या झाडासारखी दिसते. तिच्यावर सुपरवायझर बाई बसायच्या आणि ऑर्डर स्वयंपाकघरात कळवायला नळीतून रंगीत गोळ्या सोडायच्या. आणि सुटे पैसे घेताना रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची वीस पौंडांची नोट मिळते का बघा. २०२० पासून तिच्यावर मिस क्रॅन्स्टन आहेत. हॉटेल चालवणाऱ्या बाईचं चित्र नोटेवर! तिने १९३४ मध्ये जाताना इस्टेटीचा दोन तृतीयांश हिस्सा शहरातल्या गरिबांना ठेवला होता, तेव्हा मान मिळायलाच हवा. मला ती नोट मिळाली. जपून ठेवली असं लिहायला आवडलं असतं, पण सेंट्रल स्टेशनवर ट्रेनला वेळ होता, भूक लागली होती आणि सँडविचवाल्याचं कार्ड मशीन बंद होतं.