घडलेलं लिहा, लिहिलेलं वाचा

16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षकांचा मृत्यू झाला, विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. गावकऱ्यांनी झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. 25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत सोलोवर (एकटीच्या उड्डाणावर) निघालेल्या विद्यार्थिनीचं विमान शेतात पडलं. ती किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं.

अशा प्रत्येक बातमीनंतर होस्टेलवर एकच प्रश्न फिरतो: नावावर घटना लागली की एअरलाइन दारात तरी उभं करते का? आणि त्यामागून कुणीतरी सीनियर कानात सांगतो, "फॉर्ममध्ये लिहू नकोस."

हा सल्ला घातक आहे. अमेरिकेत 2009 साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली. त्या कॅप्टनने आधीच्या चेक राइडमधली काही अपयशं नोकरीच्या अर्जात नोंदवलीच नव्हती. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि वैमानिकांच्या नोंदींचा एकच सरकारी साठा उभा राहिला. आपल्याकडे 2011 मध्ये गोव्यात एका वैमानिकेने नाकाचं चाक आधी टेकवून लँडिंग केलं. त्या चौकशीतून परवान्यासाठी दिलेल्या गुणपत्रिका बनावट असल्याचा आरोप पुढे आला, अटक झाली आणि देशभरच्या परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. एक घटना सगळी कपाटं उघडायला लावते. आज तर तास ई-लॉगबुकात आहेत, अपघाताचा अहवाल विमान अपघात तपास विभागाच्या (एएआयबी) संकेतस्थळावर आहे. लपवायला जागा उरलेली नाही. लपवलेलं सापडलं की प्रश्न लँडिंगचा राहत नाही, माणसाच्या शब्दाचा होतो, आणि त्या कारणाने काढलेल्या वैमानिकाची बाजू आम्हीही घेणार नाही.

पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मे महिन्यातली तापीकाठची दुपार डोळ्यांसमोर आणा. जमीन तापलेली, वारा आडवा आणि झटक्याझटक्याने येणारा. सोलोवरचा विद्यार्थी फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) जरा उंचावर करतो, विमान टेकून उसळतं. इथे पॉवर देऊन गो-अराउंड करायचा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं. तो घाबरून स्टिक पुढे ढकलतो, नाकाचं चाक आदळतं, प्रोपेलरचं टोक धावपट्टीला घासतं. प्रॉप स्ट्राइक म्हणजे इंजिन उघडून तपासणं आलंच. कागदावर एक घटना लागली. या मुलाला इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा सर्किट्स करायला लावली, क्रॉसविंड आणि बाउन्स रिकव्हरी घोटून घेतली, चेक झाला, तो पुन्हा सोलो गेला. याला आणि परवानगी नसताना शेतावरून खाली घिरट्या घालणाऱ्याला अर्जातल्या 'अपघात किंवा घटना' या एकाच रकान्यात "होय" लिहावं लागतं. पक्षी धडकला तरी घटनाच. भरती करणारा तो "होय" पाहूनच अर्ज बाजूला ठेवत असेल, तर लपवण्याची सवय तोच लावतो आहे.

अपघात तपासाचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं परिशिष्ट 13 हेच सांगतं, आपले तपास नियमही हेच सांगतात. त्याच अहवालाला एचआरच्या टेबलावर चारित्र्याचा दाखला करणं चूक आहे. अहवाल अख्खा वाचावा, नंतरचं प्रशिक्षण पाहावं, सिम्युलेटरमध्ये तोच आडवा वारा द्यावा आणि मग ठरवावं.

याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, म्हणून हे ठासून लिहितो आहोत. मुंबईच्या मुलाच्या घरी काका कॅप्टन असतो. मुलाखतीत काय, कसं सांगायचं ते तो जेवताना शिकवतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून कुणी जमीन तारण ठेवून 200 तास पूर्ण करायला निघाला, तर त्याला होस्टेलवरच्या अफवेशिवाय सल्लागार नाही. त्याच्यासाठी सांगतो: विचारलेलं सगळं लिहा. मुलाखतीत वारा, उंची, वेग, आपण काय केलं, काय करायला हवं होतं आणि त्यानंतर कोणतं प्रशिक्षण झालं, या क्रमाने बोला. विमान जुनं होतं, इन्स्ट्रक्टरने नीट शिकवलं नाही, ही सुरुवात करू नका. खरं असलं तरी ते अहवालात असू द्या. तपास संपला नसेल तर तसं सांगा, निष्कर्ष स्वतः काढू नका.

आणि सीएफआय (मुख्य उड्डाण प्रशिक्षक) मंडळींना आमची विनंती आहे. घटना घडलेल्या विद्यार्थ्याला संस्था सोडताना नुसते तास सही करून देऊ नका. घटनेचा अहवाल, नंतरच्या सॉर्टींची नोंद आणि पुन्हा सोलोला सोडल्याचा तुमचा शेरा, हे तिन्ही कागद एकत्र त्याच्या हातात द्या. ते देण्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.