काढ्याची जागा, प्रतिजैविकाची जागा

पावसाळा लागला की घराघरांत दोन गोष्टी सुरू होतात. स्वयंपाकघरात गवती चहा, आले, अडुळसा यांचा काढा उकळू लागतो आणि औषधांच्या डब्यात मागच्या आजारपणात उरलेल्या गोळ्या शोधल्या जातात. त्यात आता एका समजुतीची भर पडली आहे. प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, जिवाणू दाद देईनासे झाले आहेत. तेव्हा वनस्पतींकडे वळावे, कारण निसर्गातील औषधाला जिवाणू सरावत नाहीत, असे अनेकांना वाटते. यातील पहिला भाग खरा आहे, दुसरा मात्र तपासून पाहायला हवा.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. साधी शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण, कर्करोगावरील उपचार, हे सारे प्रतिजैविकांच्या भरवशावर चालते. तो भरवसा कमी होत असताना पर्याय शोधणे स्वाभाविकच आहे. मात्र वनस्पतींपुढे जिवाणू हतबल असतात, ही कल्पना टिकत नाही.

दारुहळदीचेच उदाहरण घ्या. तिच्या मुळांत आणि खोडात बर्बेरीन नावाचे पिवळे द्रव्य असते. प्रयोगशाळेत ते काही जिवाणूंची वाढ रोखते. पण गळवांपासून रक्तातील संसर्गापर्यंत अनेक आजार घडवणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जिवाणूवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. या जिवाणूच्या आवरणात पंपासारखी काम करणारी प्रथिने असतात. आत शिरलेले विषारी द्रव्य ती बाहेर फेकतात. त्यांपैकी ‘नॉर-ए’ हा पंप बर्बेरीन बाहेर टाकतो आणि नॉरफ्लोक्सासिन हे कारखान्यात तयार झालेले प्रतिजैविकही. औषध झाडातून आले की कारखान्यातून, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दारुहळदीच्या कुळातील काही झुडपे बर्बेरीनसोबत या पंपाला खीळ घालणारे दुसरे द्रव्यही तयार करतात, असे 2000 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. वनस्पती आणि जिवाणू यांची ही झुंज माणसाच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे.

दुसरा प्रश्न मात्रेचा. काचेच्या बशीत हळदीतील कर्क्युमिन जिवाणूंना रोखते, हे खरे. पण पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प प्रमाणातच उतरते. बशीत जी मात्रा परिणाम करते, ती फुप्फुसात किंवा मूत्रपिंडात पोहोचत नाही. म्हणून हळदीचे दूध न्यूमोनियावरचे औषध ठरत नाही.

वनस्पतीतून प्रभावी औषध निघते, तेही कसोटीला उतरल्यावर. चीनच्या यूयू तू यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हिवतापावरील आर्टेमिसिनिन एका वनस्पतीतून वेगळे केले. ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी, ही चौथ्या शतकातील ग्रंथातील कृती त्यांना उपयोगी पडली. उष्णतेने गुण नाहीसा होत होता. 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत कंबोडियाच्या पश्चिम भागात या औषधाला न जुमानणारे हिवतापाचे परजीवीही आढळले होते. हे औषध एकट्याने आणि अपुऱ्या मात्रेत वापरले गेले, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. हिवतापाचा परजीवी हा जिवाणू नव्हे, पण धडा तोच आहे. बेशिस्तीने वापरलेले कोणतेही औषध, झाडाचे असले तरी, निकामी होऊ शकते.

मग काढा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याची जागा ओळखायची. सर्दी, घसा धरणे, साधा खोकला हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविके काम करत नाहीत. अशा वेळी गरम काढा घशाला आराम देतो आणि आजार आपोआप ओसरेपर्यंत धीर धरायला मदत करतो. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. ते जिवाणू मारत नाही, कफ सुटायला मदत करते. तेवढेही पुरेसे असते. काढ्याच्या आधाराने चार दिवस निभावले आणि एक अनावश्यक प्रतिजैविक टळले, तर जिवाणूंविरुद्धच्या लढाईत तोच त्याचा सर्वांत मोठा वाटा.

पण धाप लागणे, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, थंडी वाजून ताप येणे व लघवीला जळजळ, अंगावर दूध न पिणारे किंवा सुस्तावलेले बाळ, पसरत जाणारी लाल-सुजलेली जखम, ही लक्षणे दिसली की काढ्यावर वेळ घालवू नये. तिथे योग्य प्रतिजैविक वेळेत मिळणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि तितकेच दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण काही वनस्पती औषधांचे रक्तातील प्रमाण बदलतात.

जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही विक्रेत्याने ठेवावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा ‘एच-1’ अनुसूचीचा नियम 2014 पासून लागू आहे. तरीही चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात. रुग्ण मागतो म्हणून लिहून देणारे डॉक्टरही आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात जिवाणूंची तपासणी, म्हणजे कल्चर, सहज होऊ लागले तर अंदाजाने औषध देण्याची वेळ कमी येईल. त्यासाठी लागणारा खर्च शासनाने करायलाच हवा. नवे प्रतिजैविक सापडायला वर्षानुवर्षे लागतात; हाती आहेत ती जपण्याचे काम आजच सुरू करता येते.