सेल्फला साठा नको, धार हवी



सुट्टीला घरी आलेला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात बनविलेले, पुरुषभर पंखांचे विमान घेऊन येते आणि पहिल्याच सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी मागते. द्यावी की नाही? सोनईसारख्या उसाच्या गावात हा प्रश्न घरोघरचा नसला, तरी अगदी नवलाचाही राहिलेला नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये तर अशा प्रतिकृती बनविणे व उडविणे हा शिक्षणाचाच भाग आहे. मुलांनी शेताच्या मोकळ्या रानात विमान उडवावे यात वावगे काही नाही. पण पेरणी तोंडावर असताना बॅटरी बसली तर घरात भांडण ठरलेले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की विमान लहान असले, तरी इंजिन खेळण्यातले नसते. मोठ्या प्रतिकृतीवर ५० ते १०० सीसीचे पेट्रोल इंजिन असू शकते, म्हणजे मोटारसायकलच्या बरोबरीचे. ते बोटाने पंखा फिरवून सुरू करणे धोक्याचे आहे. ज्यांनी विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून चालू केले आहे, त्यांना उलटा झटका म्हणजे काय ते सांगायला नको. हँडलने मनगट मोडते; पंखा बोट तोडतो. म्हणून हातात धरायचा विजेचा स्टार्टर वापरतात. एक मुठीची मोटर, तिच्या टोकाला रबरी वाटी. ती वाटी पंख्याच्या पुढच्या टोपीवर दाबून धरायची आणि बटण दाबायचे.

ही युक्ती मुळात मोटारीची, आणि ती बसविणारा चार्ल्स केटरिंग अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात एका शेतावरच जन्मला, १८७६ साली. विजेवर चालणारे गल्ल्याचे यंत्र बनविताना त्याने ओळखले होते की, थोडा वेळच काम करायचे असेल तर लहानशा मोटरीकडूनही तिच्या ऐपतीबाहेरचे काम करून घेता येते. हेच तत्त्व वापरून केलेला स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. आपल्या ट्रॅक्टरचा सेल्फ त्याच घराण्यातला, आणि विमानाचा स्टार्टर त्याचा धाकटा भाऊ.

आता मुद्द्याचे. बॅटरीवर '१२ व्होल्ट, ८८ अँपिअर-अवर' असे लिहिलेले असते. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा, अँपिअर-अवर म्हणजे विहिरीतला साठा, आणि अँपिअर म्हणजे नळीतून पडणारी धार. मोठ्या इंजिनावर स्टार्टर दाबला, की तो क्षणभर ८० अँपिअरही मागू शकतो. १२ व्होल्टला ८० अँपिअर म्हणजे जवळजवळ १ किलोवॉट, सव्वा अश्वशक्तीहून थोडी अधिक. पण ही मागणी फार तर ५ सेकंदांची. हिशेब केला तर एका वेळेला साधारण ०.११ अँपिअर-अवर खर्ची पडते. वीस वेळा स्टार्टर मारला तरी सव्वादोन. ८८ च्या बॅटरीला ते काहीच नाही. तेव्हा 'विमानाने बॅटरी बसली' ही तक्रार मी सहसा खरी मानीत नाही. चांगली बॅटरी अशी बसत नसते. ती आधीच कमजोर असते, किंवा मुलांनी दिवसभर तिच्यावर आणखी काही जोडून ठेवलेले असते.

उलट, साठा असूनही धार देऊ न शकणारी साधने घरात पुष्कळ असतात. दोन अँपिअरचा चार्जर किंवा अडॅप्टर १२ व्होल्टचा असला, तरी स्टार्टर त्यावर हलणारही नाही. पाठीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बंद बॅटरी लहान इंजिनाला चालते. मोठ्याला ती दम टाकते. शिवाय पंपाच्या आतल्या बारीक वायरींतून ही धार कधीही घेऊ नये, त्या वितळतील. पंपात लिथियमची बॅटरी असेल, तर आतले संरक्षक सर्किट एवढी मागणी येताच पुरवठा तोडते. आणि फवारणीच्या ड्रोनची बॅटरी? तिला हात लावू देऊ नका. तशा बऱ्याच बॅटऱ्या ४४ व्होल्ट किंवा त्याहून अधिकच्या असतात. १२ व्होल्टचा स्टार्टर तिथेच जळेल. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करण्याचा मोहही, स्टार्टरवर तसे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय, आवरावा. अडकलेल्या मोटरीत दुप्पट व्होल्टला उष्णता चौपट होते.

मुलांकडे विमानाचीच लिथियम-पॉलिमर बॅटरी असेल तर ती उत्तम. स्टार्टरच्या मुठीलाच बांधता येते. तीन सेलांची बॅटरी १२ व्होल्टच्या स्टार्टरला जुळते. तिच्यावर 'सी'चा आकडा असतो. ५ अँपिअर-अवर आणि २० सी म्हणजे ५ गुणिले २०, शंभर अँपिअरपर्यंत धार. फुगलेली बॅटरी मात्र वापरू नये व घरात ठेवू नये.

सर्वांत जास्त फसगत वायरीत होते. बॅटरी उत्तम, स्टार्टर उत्तम, आणि मधे घरातल्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर! भरल्या विहिरीला बारीक नळी लावल्यासारखेच ते. बॅटरीपासून स्टार्टर २ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर तांबे झाले. ८० अँपिअरला त्या वायरीतच जवळजवळ ४ व्होल्ट खर्च होतात. स्टार्टरला उरतात ८. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्धा व्होल्टही जात नाही. वायर जाड आणि जमेल तेवढी आखूड हवी. पण इतकीही आखूड नको की विमान ट्रॅक्टरला खेटून लावावे लागेल.

बॅटरी द्यायचे ठरले तर ट्रॅक्टर बंद असावा. जोडताना व सोडताना ठिणगी पडू देऊ नये, कारण भरल्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. धन टोक आधी जोडावे, ऋण नंतर, सोडताना उलट. धन-ऋण अदलाबदल झाले तर या स्टार्टरची मोटर उलटी फिरते, म्हणून फिरण्याची दिशा इंजिनाला लावण्यापूर्वीच पाहून घ्यावी.

इंजिनाची ठिणगी बंद ठेवून पंखा जाड हातमोज्याने एकदा सावकाश फिरवून पाहावा. आत पेट्रोल साचून तो अडत असेल तर स्टार्टर लावूच नये, इंजिन मोडते. प्लग काढून पेट्रोल बाहेर काढावे. विमान मागून कोणीतरी घट्ट धरावे. वाटी टोपीवर दाबून मगच बटण. ५ सेकंदांत चालू झाले नाही तर मोटर थंड होऊ द्यावी. वायर खांद्यावरून मागे घ्यावी, ती पंख्यात लोंबता कामा नये. सैल बाही, उपरणे, ओढणी तिथे नको. पंख्याच्या दोन्ही बगलांना कोणी उभे राहू नये, लहान मुले तर नाहीच. पाते सुटले तर ते बगलेलाच जाते.

याच हिशेबाने ट्रॅक्टरकडेही पाहावे. सेल्फ 'कट्-कट्' करून थांबला की आपण लगेच नव्या बॅटरीची किंमत विचारायला निघतो. त्याआधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा, नट घट्ट आवळावेत, वर पेट्रोलियम जेली लावावी, आणि चासीला जोडलेली अर्थची जाड वायर खाली गंजून सैल झाली आहे का ते वाकून बघावे.