चांगला माल पाटीत, किडका ताटात



विहिरीच्या शेवटच्या पाण्यावर जगवलेली कोवळी गवार, काकडी बाजारात जाते. घरच्या ताटात निबर, किडकी. आमच्या घरीही तेच. वास्तविक कांदा-कैरीची चटणी, दाण्याचे कूट घालून काकडीची कोशिंबीर, सकाळी थापलेली भाकरी, वर ताक. चूल सकाळीच विझते; भर वैशाखात रांधणाऱ्या बाईला तेवढाच जीव.

२०१६ साली राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. आवाराबाहेर गिऱ्हाइकाला थेट विकता येतो. आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणारी बाई भाव स्वतः सांगते. मग त्या पाटीतली ओंजळभर भाजी तिच्या ताटात का नाही? तोटा होतो म्हणता? घरी खाल्लेल्या भाजीचा भाव आपण हिशेबात धरलाच कधी?